आठवी खेळी

माझ्या मुलीच्या एका डावाचा कागद माझ्याकडे आहे. बुद्धिबळाच्या स्पर्धेत प्रत्येकाला दोन्ही बाजूंच्या खेळी लिहाव्या लागतात, त्याचा छापील कागद. त्यावर पांढऱ्याच्या आठ खेळी आहेत आणि काळ्याच्या सात. काळे मोहरे तिचे होते. आठव्या ओळीतला उजवीकडचा चौकोन रिकामा आहे आणि खाली निकालाच्या जागी तिच्या नावापुढे शून्य. हा कागद मी जितका अभ्यासला तितकं दहावीला गणितही अभ्यासलं नव्हतं. सात खेळींत अभ्यासायला असतं काय, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, बसा, चहा घ्या, वेळ लागेल.

मी तारापूरच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर आहे. मूळचा खानदेशातला, पण बोईसरजवळ सालवडला राहून इतकी वर्षं झाली की गावाकडचे मला बोईसरवाला म्हणतात आणि बोईसरचे खानदेशी. आमच्या गावात बुद्धिबळ खेळायचे ते देशी नियमांचं. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते आणि डावाला रंग चढेपर्यंत अर्धा दिवस जातो. सुरुवातीच्या खेळींना काही नावं असतात, त्यांवर पुस्तकं असतात, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. सुरुवात म्हणजे कोणीतरी मोहरे मांडायचे आणि कोणीतरी तंबाखू मळायची. म्हणून मुलगी चौथीत असताना शाळेतून बुद्धिबळ शिकून आली आणि पहिल्याच खेळीला तिने प्यादं दोन घरं पुढे टाकलं, तेव्हा मी तिला लबाड म्हणालो. चांगलंच वाजलं आमचं. शेवटी तिने शाळेचं पुस्तक आणून माझ्यासमोर आपटलं. त्या दिवसापासून नियम ती सांगते आणि आवाज मी चढवतो, अशी आमच्यात वाटणी आहे.

सहावीत जाईपर्यंत ती स्पर्धांमध्ये बऱ्यापैकी जिंकायला लागली. एकच मुलगी तिला भारी पडायची. पालघरची, वेणीला लाल रिबन, खेळताना सारखे पाय हलवणारी. ती पांढरे मोहरे घेऊन बसली की आमची हरायची. असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा एकाच पद्धतीने. राजांसमोरची प्यादी आमनेसामने, मग घोडे बाहेर, मग तिचा उंट तिरका येऊन बसणार, आणि मग तिचा घोडा थेट आमच्या हद्दीत घुसणार. उंट आणि घोडा दोघांची नजर राजाला चिकटून असलेल्या एकाच प्याद्यावर. त्या प्याद्याला राजाशिवाय कोणी वाली नसतो. दोन्ही वेळा तिथेच खिंडार पडलं आणि दोन्ही वेळा आमची बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली.

जिल्ह्याच्या निवड स्पर्धेतून दोनच मुली राज्याला जाणार होत्या. ती मुलगी समोर येणार हे कोणीही सांगितलं असतं. मी ठरवलं, या वेळी तयारी करायची. आणि तयारी कशी करतात हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं, कारण मी आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही.

कंपनीत रिअॅक्टरवर बॅच घेताना एक कार्ड असतं. कुठला माल कधी टाकायचा, तापमान कुठून कुठे न्यायचं, कुठला व्हॉल्व्ह केव्हा. प्रत्येक पायरीसमोर अपेक्षित रीडिंग आणि सहीची जागा. रीडिंग मर्यादेबाहेर गेलं तर पुढची पायरी घ्यायची नाही. हात थांबवायचा आणि शिफ्ट इनचार्जला बोलवायचं. मी तिच्या डावाचं असं कार्ड केलं. दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले. पहिली शिफ्ट करून चारच्या सुमाराला घरी आलो की मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, एक खेळी लिहायची. घोडा आत घुसला की वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकून उंटाची वाट अडवायची. ते ती मारणार. मग आपला घोडा पटाच्या कडेला नेऊन तिच्या उंटाला हुसकावायचं. उंट शह देणार. आपण मध्ये प्यादं घालायचं, ते ती मारणार, आपण उलट मारायचं. एवढं झालं की तिचा उंट आपल्या प्याद्याच्या मारात येतो आणि त्याला मागे जावंच लागतं. आपलं एक प्यादं कमी होतं, पण तिचे मोहरे मागे पळत असतात आणि आपले पुढे येत असतात. मी बघितलेल्या सगळ्या व्हिडिओंत तो उंट मागे जाऊन आपल्या राजाच्या पुढ्यात बसत होता. म्हणून आठव्या ओळीत मी लिहिलं: 'उंट राजापुढे. आपण हत्तीसमोरचं प्यादं एक घर. घोडा हुसकावणे.' खाली लाल शाईने रेघ मारली. वही इतकी देखणी झाली की मी ती कंपनीत नेऊन दाखवली.

माझ्या बरोबरीने पंधरा वर्षं काम करणारा बिहारचा एक हेल्पर आहे. त्याने डब्याच्या सुट्टीत सगळी पानं उलटली आणि वही परत देताना म्हणाला, "भाईसाब, इससे तो प्लांट चल जाएगा. बच्ची कैसे चलेगी?" मी हसलो. बाकीचेही हसले.

घरी बायकोचं मत याहून फार वेगळं नव्हतं. "अहो, पोरगी आहे ती," ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "पंप नाही."

मुलीला मात्र वही आवडली. तिला माझं अक्षर आवडतं. चार दिवसांत तिला सगळ्या ओळी पाठ झाल्या. मग मी तिची परीक्षा घ्यायला लागलो. मी पांढरे घेऊन बसायचो आणि मध्येच मुद्दाम वहीत नसलेली खेळी करायचो. नियम एकच होता: समोरून वहीबाहेरचं काही आलं की हात मांडीखाली घालायचे आणि मला विचारायचं. घाईने काही उचलायचं नाही. तिने हात मांडीखाली घातले की मी शाबास म्हणायचो. एकदा तिने हात घातले नाहीत. थोडा विचार केला आणि उंट उचलून असा ठेवला की माझा हत्तीच अडकला. मला त्यातून सुटता येईना. मी पट सरकवला आणि चिडून म्हणालो, "विचारलंस का?"

"पण बरोबर हाय ना, पप्पा?"

"बरोबर आहे की नाही हा प्रश्नच नाही. विचारलंस का?"

ती "नाय" म्हणाली आणि तिने उंट परत जागेवर ठेवला. बोईसरच्या शाळेतलं हे नाय आणि हाय तिच्या आईला खटकतं, म्हणून आतून "नाही म्हण" असा आवाज आला. मला त्या वेळी तो उंट आठवणीत ठेवावासा वाटला नाही. आता रोज आठवतो.

इतका हट्ट कशासाठी, तर माझ्या डाव्या हातासाठी. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण आहे. लग्नाआधीची. दर वर्षी मार्चमध्ये कंपनीत सुरक्षा सप्ताह असतो, तेव्हा मला नव्या भरती झालेल्या पोरांसमोर उभं करतात. मी बाही वर करतो आणि सांगतो, तापमान चढत होतं, मी थांबलो नाही, कोणाला विचारलं नाही, स्वतःच्या मनाने व्हॉल्व्हला हात घातला आणि हे झालं. बोलावलं असतं तर माणूस आला असता. बोलावलं की माणूस येतो, हे लक्षात ठेवा. टाळ्या होतात आणि स्टीलचा डबा मिळतो. मुलीने ही गोष्ट डाळभाताबरोबर ऐकलेली आहे. लहानपणी ती माझ्या हातावर बोट फिरवत म्हणायची, बोलावलं असतं तर माणूस आला असता.

स्पर्धा रविवारी पालघरच्या एका शाळेत होती. मी साप्ताहिक सुट्टी बदलून घेतली आणि आम्ही स्कूटरवरून गेलो. वही डिकीत ठेवली होती. पाच फेऱ्या. चार संपल्या तेव्हा आमची तीन जिंकलेली आणि एक बरोबरीत. शेवटच्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला. समोर लाल रिबन, आणि पांढरे तिच्याकडे. आम्हाला बरोबरी झाली तरी चालणार होतं, आमची पुढे जाणार होती. लाल रिबनला मात्र जिंकावंच लागणार होतं, म्हणजे ती आपली पेटंट चाल खेळणार हे नक्की. मी तिथल्या तिथे हात जोडले. मुलगीही हसली. "आठपर्यंत तर पाठच हाय," ती म्हणाली.

आई-बापांना आत सोडत नाहीत. हॉलला रस्त्याच्या बाजूने खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीला दोन-तीन डोकी. आदल्या फेरीत कोणीतरी बापाने बाहेरून खुणा केल्या होत्या, त्यावरून पंच भडकले होते. शाळेचा शिपाई, तिथलाच जवळच्या पाड्यावरचा वयस्क माणूस, सगळ्यांना हात जोडून सांगत फिरत होता, "खिडकीशी उबा नका राहू हो. बोलनी आमाला खावी लागतात."

तरी मी उभा राहिलोच. माझ्या शेजारी लाल रिबनवाल्या मुलीची आई होती, मांडीएवढा थर्मास घेऊन.

प्रत्येकीला पंचवीस मिनिटं होती, ती संपली की डाव गेला. पहिल्या सात खेळी दोघींनी भराभर केल्या. मी बाहेर ओठांनी एकेक पायरी म्हणत होतो आणि आत ती पायरी होत होती. हे सुख मला कसं सांगता येईल कळत नाही. आमच्या कामात माणूस बटण दाबतो आणि लांब कुठेतरी पाणी सुटतं, तसं. सातव्या खेळीला तिने प्याद्याने प्यादं मारलं, लाल रिबनचा उंट मारात आला, आता तो मागे जाणार, राजाच्या पुढ्यात बसणार.

तो मागे गेला. पण राजाच्या पुढ्यात बसला नाही. एक घर शेजारून आणि एक पुढे, स्वतःच्याच वजिराच्या प्याद्याच्या तोंडासमोर बसला. कोणी असा बसवतं का? आपल्याच प्याद्याची वाट अडवून? मी मनात म्हटलं, चुकली बाई.

आणि आमच्या मुलीने दोन्ही हात मांडीखाली घातले.

मला अभिमान वाटला. मी हे लपवणार नाही. पंधरा-वीस सेकंद मला तिचा अभिमान वाटला की बघा, नियम विसरली नाही. मग माझ्या लक्षात आलं की पुढची पायरी मला विचारण्याची आहे.

तिने हात वर केला. पंच आले, वाकले, तिने काहीतरी विचारलं, त्यांनी नाही अशी मान हलवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. ती हो म्हणाली आणि हात पुन्हा मांडीखाली गेले. मग तिने मान वळवून खिडकीकडे बघितलं. मला शोधलं. मी तिथेच होतो. आमची नजरानजर झाली आणि ती बघत राहिली.

मला काय करता येणार होतं? मान हलवली असती, नुसतं ओठ हलवून 'खेळ' म्हटलं असतं, तरी तिलाच बाद केलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला खेळी माहीतच नव्हती. त्या उंटाचं काय करायचं हे माझ्या दोनशे पानी वहीत कुठेच नव्हतं. थर्मासवाली बाई माझ्याकडे बघायला लागली. पंचांचंही लक्ष खिडकीकडे गेलं. मला वाटलं, मी इथे आहे म्हणून ती इकडे बघते आहे. मी दिसेनासा झालो तर पटाकडे बघेल. म्हणून मी खिडकी सोडली आणि मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो.

तिथे एका नळाला गळती होती. थेंब मोजत बसलो. कंपनीत मी बारा-बारा तास गेजकडे बघत काढलेत, पण तिथे काटा दिसतो तरी. इथे काहीच दिसत नव्हतं. दहा मिनिटांनी मी परत आलो तर शिपायाने खिडक्या लोटून घेतल्या होत्या आणि दाराशी स्टुलावर बसला होता.

"आत कसं चाललंय?" मी विचारलं.

"बाकी पोरांचं चाललंय. येक पोरगी नुसती बसून हाय. तुमची काय?"

"हातांवर बसली आहे?"

"हां. दाराकडं बगत बसलीय. समोरची आपली पाय हालवतेय."

"तिला एवढंच सांगा ना, खेळ म्हणावं. कुठलंही खेळ."

"मी कसा सांगू, दादा? आमाला तोंड उगडायला बंदी हाय. सांगलं तर तुमच्याच पोरीला काडतील."

तो खरं बोलत होता. मला त्याचा इतका राग आला की त्याला ढकलून आत जावंसं वाटलं. नुसतं वाटलं. मी दाराच्या अलीकडे, तो स्टुलावर, आणि मध्ये हातभर उंबरा. मी आयुष्यात अनेकदा काही करू शकलो नाही, पण नेहमी काही तरी कारण असायचं, अंतर असायचं. इथे माझी मुलगी तीस पावलांवर होती, तिची वेळ संपत होती आणि तिला जो शब्द हवा होता तो माझ्या तोंडात होता.

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. तिने कागद माझ्या हातात दिला आणि चपला शोधायला लागली. तिच्यामागून लाल रिबन आली, आईच्या कमरेला मिठी मारली. ती बाई भली होती. तिने आमच्या मुलीच्या हातावर रव्याचा लाडू ठेवला आणि अवघडून मला म्हणाली, "काय झालं हो तिला? बरं नव्हतं का? आमची तर सकाळी सहज म्हणाली, आज उंट वेगळा ठेवून बघते काय होतं ते."

सहज. त्या पोरीला कोणी वही करून दिली नव्हती.

परतीच्या वाटेवर कोळगावच्या सरकारी इमारती मागे पडल्या. लाडू तिच्या मुठीत तसाच होता. उमरोळीला मी टपरीपाशी स्कूटर थांबवली, तिला लिंबू सरबत घेऊन दिलं आणि विचारलंच. न विचारता राहायला हवं होतं.

"काही सुचलं नाही का गं?"

"सुचलं."

"काय?"

"घोडा मध्ये न्यायचा. मग मागून वजीर तिच्या घोड्याला बघतो. तिच्या घोड्याला कोणाचा जोर नाय. त्याला पळावं लागतं."

"मग केलं का नाहीस?"

"वहीत नव्हतं."

"अगं पण घड्याळ चालू होतं. पंच सांगून गेले ना?"

"हो. मी त्यांना विचारलं, पप्पांना बोलावू का. ते नाय म्हणाले." तिने सरबताच्या ग्लासात बघत सांगितलं, "पण मग मी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही खिडकीतून निघालात. मला वाटलं तुम्ही येताय."

टपरीवाल्याने सुट्टे परत दिले ते मी न मोजता खिशात टाकले.

"मी दाराकडेच बघत होते," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी मोबाइलमधल्या बुद्धिबळाच्या अॅपवर तो डाव मांडला. आठव्या खेळीला यंत्राला विचारलं, काय खेळू? त्याने क्षणात बाण दाखवला. घोडा मध्ये. तिने सांगितलेलाच. मी आणखी एक गोष्ट तपासली आणि ती तपासायला नको होती. माझ्या वहीत आठव्या ओळीत लिहिलेलं, हत्तीसमोरचं प्यादं एक घर, तेसुद्धा चाललं असतं. तो उंट कुठेही बसला असता तरी चाललं असतं. फक्त हात मांडीखालून काढायचा होता. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता पंपाचा विषय निघणार. तिने नुसता मुलीच्या मुठीतला चुरा झालेला लाडू एका वाटीत काढून ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

राज्य स्पर्धा गेली, ती जाऊ दे. पुढच्या वर्षी येईल. माझ्या जिवाला घोर लागला तो नंतरच्या दिवसांत. मुलगी एकेक गोष्ट विचारायला लागली. पप्पा, निळा ड्रेस घालू का? आई, आता जेवू का? आधी वाटलं रुसलीय, टोमणे मारतेय. पण तसं नव्हतं. घटक चाचणीत गणिताचे दोन प्रश्न तिने कोरे सोडले. बाईंनी विचारलं तर म्हणाली, उत्तर येत होतं, पण खात्री नव्हती. कच्च्या कामाच्या पानावर दोन्ही उत्तरं बरोबर लिहिलेली होती. मी ते पान दोनदा तपासून बघितलं. बुद्धिबळाचा पट तिने कपाटावर टाकला. मी म्हटलं, चल, एक डाव खेळू. ती "तुम्ही सांगाल तर" म्हणाली. मी सांगितलं नाही. पट तिथेच राहिला. एक अख्खा महिना मी तो आठ खेळींचा कागद उघडत होतो आणि मिटत होतो, आणि दर वेळी मला वाटायचं की चूक पटावर कुठेतरी सापडेल.

मग मार्च आला. सुरक्षा सप्ताह. मला पुन्हा उभं केलं. समोर वीस-बावीस नवी पोरं, नवी हेल्मेट. मी बाही वर केली आणि तीच गोष्ट सांगितली. मी थांबलो नाही. बोलावलं असतं तर माणूस आला असता. या वेळी ते वाक्य म्हणताना माझी जीभ अडखळली, पण टाळ्या झाल्या आणि डबा मिळाला. घरी येऊन मी तो ओट्यावर ठेवला. मुलगी अभ्यास करत होती. तिने डब्याकडे बघितलं.

"परत सांगितलं?"

"सांगितलं."

ती पुन्हा पुस्तकात बघायला लागली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. वीस वर्षांत जे मी तिच्या आईलाही धड सांगितलं नव्हतं ते का सांगावंसं वाटलं, तर मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

"मी बोलावलं होतं," मी म्हणालो.

"कोणाला?"

"इनचार्जला. त्या दिवशी. तापमान चढायला लागलं तेव्हा मी हात लावला नाही. नियमाप्रमाणे फोन केला. ते म्हणाले, आलो. मी थांबलो. काटा चढत होता. मी परत फोन केला. परत म्हणाले, निघालोच. मी दाराकडे बघत उभा होतो. कोणी आलं नाही. शेवटी मी हात घातला."

ती माझ्या हाताकडे बघत होती.

"मग तुम्ही असं का सांगता, की विचारलं नाही?"

"चौकशी झाली. कागदावर तसं लिहून आलं. ऑपरेटरने न विचारता केलं. मी नवीन होतो, सही केली. मग दर वर्षी तेच सांगायला लावलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं."

"आणि हात घातला नसता तर?"

"बॅच उडाली असती कदाचित. कदाचित नसती. कदाचित ते दोन मिनिटांत आले असते."

"म्हणजे तुम्ही बरोबर केलं का चूक?"

हा प्रश्न मला चौकशीत कोणी विचारला नव्हता. पोरांनी विचारला नव्हता, बायकोने नव्हता, मी स्वतःला विचारायची हिंमत केली नव्हती. मुलगी उत्तराची वाट बघत होती, तशीच, त्या दिवशी दाराकडे बघितलं असेल तशी. आणि या वेळी मी दोन हातांवर होतो, कोणाची बंदी नव्हती, तरी माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

"मला माहीत नाही गं," मी म्हणालो. तिने बहुधा माझ्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं, कारण ती जरा मागे सरकली.

मग तिने उठून कपाटावरून पट काढला, त्याच्याखाली ठेवलेली माझी वही काढली आणि आठवी ओळ उघडली. लाल रेघेच्या खाली बरीच जागा होती. "लिहा," ती माझ्या हातात पेन देत म्हणाली.

"काय लिहू?"

माझ्या हातातलं पेन तिने काढून घेतलं, कोणालाही न विचारता, आणि माझ्या अक्षरासारखं अक्षर काढायचा प्रयत्न करत तिथे लिहिलं: 'इथून पुढे पप्पांना माहीत नाही.'